मांजरपाटावर झारशाही : रशियातली अनियंत्रित राजसत्ता भिंतीवर कशी मांडावी

रशियाचा इतिहास शिकवताना किंवा स्पर्धा परीक्षेसाठी वाचताना बहुतेक जण झारांची यादी पाठ करतात. तिसरा इवान, चौथा इवान, मिखाइल रोमानोव्ह, पीटर. यादी पाठ होते, पण सत्ता अनियंत्रित झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे काही केल्या सांगता येत नाही. ते सांगायचं तर झारला ‘नाही’ म्हणू शकणाऱ्यांची यादी करावी लागते. शहराची सभा, बोयार सरदार, चर्च, मालकाला सोडून दुसरीकडे जाऊ शकणारा शेतकरी. यांच्यातल्या प्रत्येकाचा हक्क कुठल्या तरी वर्षी, बहुतेक वेळा कुठल्या तरी कागदावर संपला. ती वर्षं एका कापडावर ओळीने दिसली की विषय उलगडतो.

पुढे सांगितलेला पट त्यासाठी आहे. सहा मीटर कापड, सात रंगांचं सूत, आणि जिथे हक्क संपला तिथे कात्री. शाळेत, महाविद्यालयात किंवा अभ्यासिकेत चार-पाच जण मिळून दोन दिवसांत तो करू शकतात. सोलापुरात सामानासाठी लांब जावं लागत नाही.

सामान आणि कापडाची तयारी

चाटी गल्लीतून कोरा मांजरपाट घ्या, पन्हा ९० सेंटिमीटरच्या आसपासचा, लांबी पावणेसात मीटर. लागणारं कापड सहाच मीटर आहे, पण कोरा मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतो आणि न धुता वापरला तर नंतर आखलेली वर्षं सरकतात. सुतासाठी पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात चादरीचं उरलेलं रंगीत सूत मागा. कोनाच्या तळाशी राहिलेलं पुरतं, प्रत्येक रंगाचं पन्नास मीटर म्हणजे भरपूर. पांढरं, हिरवं, तपकिरी, पिवळं, निळं, लाल आणि काळं असे सात रंग हवेत. शिवाय एक घुंगरू, जाड सुई, शिवणाचा दोरा, टोकदार कात्री, शाळेतली एक मीटरची पट्टी, काळा पर्मनंट मार्कर आणि दोन बांबू.

कापड रात्रभर पाण्यात भिजवून धुवा आणि सावलीत वाळवा. मग खळ : शंभर ग्रॅम मैदा थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, तीन लिटर उकळत्या पाण्यात हळूहळू ओता, चिमूटभर तुरटी टाका, कोमट झाल्यावर कापड त्यात बुचकळून पिळा. पूर्ण वाळायच्या आधीच, किंचित दमट असताना इस्त्री करा. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात टाकलं तर ते पापडासारखं कडक होतं आणि घडीवर खळ तडकते, म्हणून सावलीच बरी. खळ न लावता लिहायला बसलात तर मार्करची शाई धाग्यांमधून पसरते आणि १५६५ चा १५६६ होतो. ही चूक पुसता येत नाही.

मोजणी

डावं टोक १४५०, उजवं टोक १७३०. एका वर्षाला दोन सेंटिमीटर. म्हणजे पट ५६० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटर कोरे. कोणत्याही वर्षाची जागा काढायची तर त्यातून १४५० वजा करा आणि दोनने गुणा. १५४७ म्हणजे १९४ सेंटिमीटरवर, १६४९ म्हणजे ३९८ वर. दर वेळी डाव्या टोकापासूनच मोजा. आधीच्या खुणेपासून पुढे मोजत गेलात तर प्रत्येक खुणेची मिलिमीटरभर चूक साचत जाते आणि पीटरपर्यंत पोहोचताना वर्ष-दोन वर्षांचा फरक पडलेला असतो.

खालून १५ सेंटिमीटरवर काळी आडवी रेघ मारा. तिच्या खाली आपल्याकडच्या घटना. तिच्या वर दहा सेंटिमीटरची पट्टी राज्यकर्त्यांची. त्याच्या वर, ३३ सेंटिमीटरपासून सुरुवात करून दर नऊ सेंटिमीटरवर एक, असे सहा दोरे.

राज्यकर्त्यांची पट्टी पटकन भरून टाका, तिच्यात अडकून पडू नका. तिसरा इवान १४६२–१५०५, तिसरा वसिली १५०५–१५३३, चौथा इवान १५३३–१५८४, फ्योदोर १५८४–१५९८. मग १६१३ पर्यंतचा ‘अराजकाचा काळ’ राखाडी रंगवा. त्याच्या सुरुवातीला बोरिस गोदुनोव्ह आहे, मध्ये १६०१ ते १६०३ चा दुष्काळ, तोतये राजपुत्र, आणि १६१० ते १६१२ क्रेमलिनमध्ये पोलिश फौज. पुढे मिखाइल रोमानोव्ह १६१३–१६४५, अलेक्सेई १६४५–१६७६, तिसरा फ्योदोर १६७६–१६८२, आणि पीटर १६८२–१७२५. पीटरच्या पट्टीत १६८२ ते १६८९ सावत्र बहीण सोफियाचा कारभार आणि १६९६ पर्यंत सावत्र भाऊ पाचवा इवान हा सहझार होता, हे बारीक अक्षरात लिहा.

तारखांचा घोळ आधीच मिटवा

जुन्या रशियात वर्ष सृष्टीच्या आरंभापासून मोजत आणि ते १ सप्टेंबरला सुरू होई. शकात ७८ मिळवून आपण इसवी सन काढतो, तसं इथे उलटं वजा करायचं : जानेवारी ते ऑगस्टसाठी ५५०८, सप्टेंबर ते डिसेंबरसाठी ५५०९. ७१५७ हे रशियन वर्ष घ्या. त्यातल्या १ सप्टेंबरला झेम्स्की सोबोर ही देशाची सभा बसली ती १६४८ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘उलोझेनिये’ ही कायदेसंहिता पुरी झाली ती १६४९ मध्ये. सरसकट ५५०८ वजा करणारा इथे हमखास चुकतो. १७०० पासून पीटरने १ जानेवारीचं वर्ष सुरू केलं, पण दिनदर्शिका जुनी ज्युलियनच ठेवली. अठराव्या शतकात ती आपल्या नेहमीच्या दिनदर्शिकेच्या अकरा दिवस मागे होती. पटावर सगळीकडे जुन्या पद्धतीचीच तारीख लिहा आणि कोपऱ्यात तसं नमूद करा. दोन पद्धती मिसळल्या की प्रश्नोत्तराच्या वेळी गोंधळ उडतो.

पहिला दोरा : पांढरा, शहराची सभा

डाव्या टोकापासून सुरू करा. नोव्हगोरोद आणि प्स्कोव्ह या शहरांत ‘वेचे’ नावाची नागरिकांची सभा भरे, घंटा वाजवून. १४७८ मध्ये तिसऱ्या इवानने नोव्हगोरोद घेतलं तेव्हा ती घंटाच उतरवून मॉस्कोला नेली. ५६ सेंटिमीटरवर दोऱ्याला घुंगरू बांधा आणि तिथून पुढे दोऱ्याची जाडी अर्धी करा. १५१० मध्ये प्स्कोव्हची घंटाही गेली. १२० सेंटिमीटरवर दोरा कापा. हा सहांतला सगळ्यात आखूड दोरा आहे. झारशाहीची सुरुवात चौथ्या इवानपासून करणाऱ्यांना इथेच उत्तर मिळतं, कारण तो जन्मला १५३० मध्ये.

दुसरा दोरा : हिरवा, शेतकऱ्याचा जाण्याचा हक्क

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. सुरुवात आठ पदरी सुताने करा.

१४९७ च्या कायद्याने शेतकऱ्याला मालक सोडायची मुभा वर्षातून एकदाच ठेवली : २६ नोव्हेंबरच्या सेंट जॉर्जच्या दिवसाच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक. तोवर पीक घरात आलेलं असतं आणि हिशेब मिटवता येतो. वर घराचं भाडंही द्यावं लागे. चार वर्षं राहिलेल्या माणसाला मोकळ्या माळाच्या भागात एक रुबल, जंगलाच्या भागात अर्धा. ९४ सेंटिमीटरवर आठातले चार पदर कापा.

१५८१ पासून ‘निषिद्ध वर्षं’ सुरू झाली. त्या वर्षी त्या भागात ही मुभा बंद. आधी काही भागांत, मग अधिक ठिकाणी. २६२ वर दोन पदर कमी करा. १५९७ च्या फर्मानाने पळालेल्या शेतकऱ्याला पाच वर्षांच्या आत शोधून परत आणण्याचा अधिकार मालकाला मिळाला. २९४ वर एकच पदर उरतो. याचा दुसरा अर्थ असा, की पाच वर्षं सापडला नाही तर तो सुटला. तो शेवटचा पदर १६४९ च्या ‘उलोझेनिये’ या संहितेने कापला : शोधाला मुदतच राहिली नाही, आणि बंधन मुलाबाळांवरही आलं.

३९८ सेंटिमीटरवर कात्री लावताना वर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या हाती ती द्या, आणि आधी संहितेबद्दल सांगा. २५ प्रकरणं, ९६७ कलमं. मूळ प्रत म्हणजे कागदाचे ९५९ तुकडे एकापुढे एक चिकटवलेली ३०९ मीटर लांबीची गुंडाळी, पाठीमागे सभासदांच्या सह्या. भिंतीवरचा हा पट ५.६ मीटरचा आहे, असे पंचावन्न पट एकापुढे एक ठेवले की ती गुंडाळी होते. एवढ्या लांब कागदातल्या एका प्रकरणाने हा हिरवा दोरा संपवला.

तिसरा दोरा : तपकिरी, बोयार आणि त्यांचा मानपान

बोयार म्हणजे जुन्या घराण्यांचे मोठे सरदार. त्यांची दुमा झारला सल्ला देई. दोरा डाव्या टोकापासून ५२२ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे १७११ पर्यंत न्या. त्या वर्षी पीटरने नऊ जणांचं सिनेट नेमलं आणि दुमेचं काही उरलं नाही. दुमेला बरखास्त करणारं मोठं फर्मान शोधत बसू नका. ती झिजत गेली, म्हणून हा दोरा शेवटी उसवून, विरळ करून सोडा.

याच दोऱ्याभोवती काळं सूत गुंडाळा, १६८२ पर्यंत. तो ‘मेस्तनिचेस्त्वो’, मराठीत सरळ मानपान म्हणा. कुणाचा आजा कुणाच्या आज्याच्या वरच्या पदावर होता, यावरून आज पंगतीत आणि फौजेत कोण वर बसणार हे ठरे. लढाईच्या तोंडावरही सेनापती यावरून भांडत. झारला यात अडचण होती तशी सोयही होती, कारण आपसात भांडणारे बोयार एकजूट करत नाहीत. १६८२ च्या जानेवारीत ही पद्धत मोडली आणि तिच्या वह्या जाळल्या. काळं सूत ४६४ वर तोडा.

बोयारांचं झारसमोरचं स्थान समजायला एक बारीक गोष्ट फार उपयोगी पडते. अर्ज करताना मोठा सरदारसुद्धा स्वतःला ‘खोलोप’, म्हणजे गुलाम, लिहायचा आणि नावही लहान करून लिहायचा. इवानचा इवाश्का. आपल्याकडे गणपतचा गणप्या होतो तसा. १७०१ च्या अखेरीस पीटरने हे लहान नाव लिहिणं आणि झारसमोर गुडघे टेकणं बंद केलं. सत्ता मात्र त्याने कमी केली नाही, वाढवली. विद्यार्थ्यांना हा विरोधाभास वाटतो. वाटू द्या आणि चौदा श्रेणींच्या तक्त्यापर्यंत थांबा.

चौथा दोरा : पिवळा, झेम्स्की सोबोर

१५४९ ते १६५३, म्हणजे १९८ ते ४०६ सेंटिमीटर. ही ‘देशाची सभा’. १६१३ मध्ये तिने सोळा वर्षांच्या मिखाइल रोमानोव्हला झार निवडलं, म्हणून ३२६ वर जाड गाठ मारा. इथे ‘रशियाची संसद’ असं लिहू नका. ती कधी बसेल हे झार ठरवी आणि तिच्या हाती कराची नाडी नव्हती. मिखाइलला निवडताना तिने त्याच्यावर टिकाऊ अटी घातल्या नाहीत. १६५३ नंतर पूर्ण सभा भरली नाही. सभा बंद केल्याची घोषणा झाली नाही, बोलावणं मात्र थांबलं. हाही दोरा कापू नका, विरळ करून सोडा.

पाचवा दोरा : निळा, चर्च

१५८९ पर्यंत दोन पदर, कारण तोवर मॉस्कोतला चर्चप्रमुख मेट्रोपॉलिटन या पदाचा होता. १५८९ पासून चार पदर, कारण त्याहून वरच्या पदाचा पेट्रिआर्क आला. तीन गाठी हव्यात. २३६ सेंटिमीटरवर १५६८ : मेट्रोपॉलिटन फिलिपने चौथ्या इवानला भर चर्चमध्ये आशीर्वाद नाकारला, पद गेलं आणि पुढच्या वर्षी त्याचा गळा घोटून खून झाला. ४३२ वर १६६६ : राजसत्तेपेक्षा धर्मसत्ता वरची मानणारा पेट्रिआर्क निकोन पदच्युत झाला. ५०० वर १७०० : पेट्रिआर्क एड्रियन वारला आणि पीटरने नवा नेमलाच नाही. इथून पुढे तुटक टाके घाला, रिकाम्या खुर्चीसाठी. ५४२ वर, म्हणजे १७२१ ला, कात्री. चर्चचा कारभार आता सिनॉड या मंडळाकडे, आणि त्याच्यावर पुढच्या वर्षापासून लक्ष ठेवायला एक सरकारी अधिकारी. फिलिपच्या खुनापेक्षा ही रिकामी खुर्ची जास्त परिणाम करून गेली, असं या पटाकडे पाहिल्यावर म्हणावंसं वाटतं.

सहावा दोरा : लाल आणि काळा, वतन आणि सरंजाम

मराठी वाचकाला हा भाग इतर कुणाहीपेक्षा लवकर समजतो, कारण शब्द आपल्याकडे तयार आहेत. ‘वोत्चिना’ म्हणजे वंशपरंपरेने चालणारी जमीन, वतन. ‘पोमेस्त्ये’ म्हणजे चाकरी आहे तोवर मिळालेली जमीन, सरंजाम. लाल दोरा वतनाचा, त्याच्या शेजारून काळा सरंजामाचा. १५५६ च्या नियमाने दोघांनाही चाकरी लागली : चांगल्या जमिनीच्या दर १०० चेत्वेर्तमागे घोड्यासह एक सशस्त्र स्वार. चेत्वेर्त हे जमिनीचं रशियन माप. २१२ सेंटिमीटरवर दोन्ही दोरे एकदा एकमेकांत अडकवा. १७१४ मध्ये पीटरने दोन्ही प्रकार एकच केले. ५२८ वर त्यांची वेणी घाला.

आता मुख्य काम. ३९८ सेंटिमीटरवर कापलेल्या हिरव्या दोऱ्याचं टोक वर ओढून या लाल-काळ्या दोऱ्याला बांधा. झारने जमीनदाराला शेतकरी बांधून दिला आणि जमीनदाराने झारची सक्तीची चाकरी मान्य केली. झारशाही एकट्याच्या धाकावर उभी राहिली, हे अर्धंच खरं आहे. ही गाठ पटावर नसेल तर बाकीचे सगळे दोरे बरोबर असूनही विषय अर्धवट राहतो.

ओप्रिच्निना कुठे आणि कशी दाखवावी

हिला दोरा नाही, काळ्या कापडाची पट्टी द्या, २३० ते २४४ सेंटिमीटर, सगळ्या दोऱ्यांमागून उभी. १५६४ च्या डिसेंबरात चौथा इवान खजिना आणि मूर्तिचित्रं घेऊन मॉस्को सोडून गेला आणि जानेवारीत दोन पत्रं धाडली. एकात बोयार आणि धर्मगुरूंवर राग, दुसऱ्यात सामान्य नगरजनांवर राग नसल्याचं. लोक परत ये म्हणून विनवायला गेले, आणि वाटेल त्याला शिक्षा देण्याची मोकळीक घेऊनच तो परतला. मग राज्याचा एक भाग स्वतःचा म्हणून वेगळा काढला, तीच ओप्रिच्निना, काळ्या वेशातले स्वार नेमले, १५७० मध्ये नोव्हगोरोदची कत्तल केली. १५७१ मध्ये क्रिमियन तातारांनी मॉस्को जाळलं तेव्हा हे स्वार उपयोगी पडले नाहीत, आणि १५७२ मध्ये हा प्रकार बंद झाला.

चूक होते ती ‘वेडा राजा’ एवढ्यावर विषय संपवण्याची. ती दोन पत्रं पुन्हा वाचायला लावा. सरदार आणि प्रजा यांच्यात फट पाडण्याचं काम त्यांत शांत डोक्याने केलेलं आहे. त्याचं ‘ग्रोझनी’ हे विशेषणही ‘भयंकर’पेक्षा ‘दरारा असलेला’ याच्या जवळचं आहे.

पीटरची गर्दी

१७०० ते १७२५ या पन्नास सेंटिमीटरमध्ये सगळं मावत नाही. अक्षरं बारीक करू नका. एक मीटरची वेगळी पट्टी घ्या, वर्षाला चार सेंटिमीटर, आणि मुख्य पटाखाली टांगा. तिच्यावर एवढं पुरे : १७०५ दर वीस घरांमागे एक सैनिक, १७०९ पोल्तावाची लढाई, १७१६ च्या लष्करी नियमांत राजा जगात कुणालाही जाब देणं लागत नाही हे तत्त्व, १७१८ पासून जनगणना आणि १७२४ मध्ये दर पुरुषामागे ७४ कोपेक डोईपट्टी, १७२१ सम्राट ही पदवी, १७२२ मध्ये वारस राजाने स्वतः नेमावा हा कायदा आणि चौदा श्रेणींचा तक्ता. गणप्याचं कोडं इथे सुटतं : माणसाचा मान आता आजोबावरून ठरत नाही, झारच्या नोकरीतल्या पायरीवरून ठरतो.

खालची पट्टी : आपल्याकडे

ही नसेल तर पट परका वाटतो. ओप्रिच्निना सुरू झाली त्याच १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा मॉस्कोत अलेक्सेई होता आणि पीटर दोन वर्षांचा. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी आपल्याच जिल्ह्यात, माचणूरजवळ ब्रह्मपुरीला, भीमेच्या काठी होती. त्याच वर्षांत पीटरने अझोव्हचा किल्ला घेतला, युरोपचा दौरा केला आणि स्त्रेल्त्सी सैनिकांचं बंड चिरडलं. माचणूरची खूण ४९० ते ४९८ सेंटिमीटरवर करा. मुलं तिथून वर बघायला लागतात.

टाके, टांगणी, घडी

दोरे गोंदाने चिकटवू नका, कापडावर तपकिरी डाग उतरतात. दर वीस सेंटिमीटरवर वरून बारीक टाका घाला, नाहीतर दोरा मध्ये लोंबतो आणि पंख्याखाली खालच्या दोऱ्यात गुंततो. वर सहा सेंटिमीटरची दुमड घालून त्यात बांबू सरकवा, खालीही एक बांबू, म्हणजे कापड ताठ राहतं. खिडकीसमोर टांगला तर हिरवा रंग आधी उडतो.

उजवीकडच्या कोऱ्या वीस सेंटिमीटरवर एक खिसा शिवा आणि त्यात पुढच्या काळाची चार कार्डं ठेवा : १७३० ला सम्राज्ञी आन्नाने आपल्या सत्तेवरच्या अटींचा कागद फाडला, १७६२ ला सरदारांची सक्तीची चाकरी संपली, शेतकऱ्यांचं बंधन मात्र राहिलं, १८६१ ला तेही गेलं, १९०६ च्या मूलभूत कायद्यांत झारच्या सत्तेमागचा ‘अमर्याद’ हा शब्द वगळला, ‘स्वयंसत्ताधीश’ हा ठेवला. १७६२ चं कार्ड काढताना ३९८ सेंटिमीटरवरची गाठ पुन्हा दाखवा. लाल-काळं टोक सोडून बघा, हिरवं तसंच अडकलेलं राहतं.

काम झाल्यावर पटाची घडी घालू नका, खळ घडीवर तुटते. बांबू काढून १७३० च्या टोकापासून गुंडाळा. पुढच्या वेळी उलगडताना १४५० आधी हाती येईल.